बालीच्या गावात मुक्कामाला: तुमची पत्रं, माझी उत्तरं

गेल्या महिन्यात याच सदरात, पूर्व बालीतल्या सिदेमेन खोऱ्यातल्या एका वाडीत मी कशी राहिले, त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतच नाही. एक आधीच सांगून टाकते. दोन खेपा मिळून माझे बालीतले दिवस भरतात सतरा, आणि तेवढ्यावर कोणी जाणकार होत नाही. पण गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी आम्ही दोन खोल्या पर्यटकांना देतो. पाहुणा ओटीवर आला की घरच्या बाईच्या मनात काय काय चालतं, ते मला ठाऊक आहे. उत्तरं त्या भांडवलावर.

ताई, आम्ही दोघं (वय ६२ आणि ५८) पाच रात्रींच्या पॅकेजवर बालीला निघालोय. त्यात उंच झोपाळा, ‘स्वर्गाचं दार’, बीच क्लब आणि दोन तास एक ‘पारंपरिक गाव’ आहे. एजंट म्हणतो, गाव तेवढं पुरे. तुम्ही म्हणता, राहा. कुठल्या गावात आणि किती दिवस?
— नाशिक

तुमचा एजंट खोटं बोलत नाही. दोन तासांचं गाव दोन तासांत बघून होतं. बहुतेक वेळा ते बांगली जिल्ह्यातलं पंगलिपुरान असतं: चढत जाणारी एकच फरसबंद वाट, दोन्ही हातांना एकसारख्या दारांची पाऊणशे घरं, वरच्या अंगाला देऊळ आणि मागे बांबूचं बन. गाड्यांना आत मज्जाव. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं २०२३ साली उत्तम पर्यटन-गावांच्या यादीत त्याला घेतलं. गर्दी त्याआधीपासूनच होती. गाव देखणं आहे, स्वच्छ आहे. तिथं लोलोह चेमचेम नावाचं हिरवं, आंबटतुरट पेय मिळतं, आपल्या आंबाड्याच्या जातीच्या झाडाच्या पाल्याचं. ते सोडू नका. पण सकाळी अकरानंतर गेलात तर दारादारात कोणीतरी फोटोला उभं असतं आणि घरची माणसं दुकान मांडून बसलेली असतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. मे महिन्यात आमच्याही ओटीवर कोकम सरबताच्या बाटल्या मांडलेल्या असतात.

राहायचं असेल तर पाचांतल्या तीन रात्री एकाच घराला द्या. झोपाळा रद्द करा. ‘स्वर्गाचं दार’ म्हणजे लेम्पुयांगच्या देवळाचं दार. फोटोत त्याच्यापुढं जे तळं दिसतं, ते तिथं नाहीच. मोबाईलच्या भिंगाखाली आरसा धरून ते केलेलं असतं आणि त्या एका फोटोसाठी तासन्तास रांग. तेही सोडा.

आता गाव. पाहुण्यांचा कारभार गावकऱ्यांनीच हातात ठेवलाय असं ठिकाण हवं असेल, तर चार गावांचं एक जाळं २००२ पासून चालू आहे: जारिंगान एकोविसाता देसा. सिबेतानमध्ये सालाकच्या बागा (सापाच्या खवल्यांसारखी साल, आत लसणीच्या मोठ्या पाकळ्यांसारखे गरे), कियादान पेलागात कॉफी, नुसा चेनिंगान बेटावर समुद्रशेवाळाची शेती, आणि चौथं तंगानान. तंगानानचं गेरिंगसिंग कापड पाटणच्या पटोळ्यासारखं, ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून, रंगवून मग विणतात. त्यातला लाल रंग बारतोंडीच्या मुळांचा. एकेका वस्त्राला वर्षं लागतात. तेव्हा तिथं लक्ष्मी रोडवरची घासाघीस नको. परवडत नसेल तर डोळे भरून बघा आणि पुढं चला.

मी सिदेमेनला राहिले ती निव्वळ ओळख निघाली म्हणून. तुम्ही खोली ठरवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: घर कोणाच्या मालकीचं, स्वयंपाक कोण करतं, वाट दाखवायला कोण येणार. तिन्ही उत्तरं त्याच वाडीतली निघाली तर तुमचे पैसेही बरेचसे तिथंच राहतात. (पैशांवरून आठवलं. परदेशी पाहुण्याला बालीत दीड लाख रुपिया कर आहे, १४ फेब्रुवारी २०२४ पासून; विमानतळावरच्या व्हिसाचे पाच लाख वेगळे. छाती दडपू देऊ नका, दीड लाख म्हणजे आपले आठशेच्या आसपास.)

आणि तीनच रात्री का? पहिल्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक असता. घरातली माणसं तुमच्याकडे बघून हसतात आणि आपापसांत हळू बोलतात. दुसऱ्या दिवशी आवाज चढतात. तिसऱ्या दिवशी सकाळी इबूनं (इबू म्हणजे आई, घरच्या बाईला अशीच हाक मारायची) माझ्यापुढं माडाची कोवळी पात, एक सुरी आणि बांबूच्या बारीक काड्या ठेवल्या. चनांग सारी करायला बस, म्हणाली. दारात, चुलीपाशी, स्कूटरवर, शेताच्या बांधावर रोज ठेवतात तो हा नैवेद्य. पातीचा चौकोनी द्रोण वळायचा, काडीनं टाचायचा, आत पान, चुना, सुपारीचा चिमुकला विडा, वर फुलं: पूर्वेला पांढरं, दक्षिणेला तांबडं, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं नाहीतर हिरवं. मी लहानपणापासून पत्रावळी आणि द्रोण लावत आलेय, मला वाटलं हे तर येतंच. माझे सहा झाले तोवर तिचे तीसेक झाले होते. तिनं माझे सहा उचलले, उन्हाकडे धरून पाहिले, त्यातल्या दोघांच्या काड्या काढून परत टाचल्या आणि चार तसेच ठेवून दिले. एक शब्द नाही. त्या चारांचा मला आजही गर्व आहे. दोन तासांच्या गावातही चनांग शिकवतात, पण तिथं तुमची काडी कोणी उसवत नाही. सगळ्यांनाच ‘व्हेरी गुड’ मिळतं.

आई ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. गावातल्या घरात आंघोळ, संडास, झोप यांचं कसं? नेऊ का?
— सांगली

न्या. पाहुण्यांच्या खोलीला बहुधा कमोड असतो, आंघोळ कुठे फवाऱ्याची, कुठे बादली-टमरेलाची. गरम पाण्याचं मात्र आधी विचारा, डोंगराकडच्या गावात पहाटे गारठा असतो. गुडघ्यांना त्रास पायऱ्यांचा होईल. बालीचं घर म्हणजे एक इमारत नव्हे. भिंतीनं वेढलेलं अंगण, त्यात निजायचा चौथरा वेगळा, पाहुण्यांचा वेगळा, स्वयंपाकघर वेगळं आणि एका कोपऱ्यात घरची देवळं. इथून तिथं जायचं म्हणजे चार पायऱ्या उतरा, चार चढा. रात्री कोंबडे भलत्या वेळी आरवतात, कुत्री त्यांना साथ देतात आणि छपरातली मोठी पाल ‘तोके, तोके’ असं स्वतःचंच नाव ओरडते.

झोपायची दिशा हा एक मामला आहे. तिथं दिशा डोंगरावरून ठरतात. गुनुंग आगुंग या मोठ्या डोंगराकडची ती ‘काजा’, पवित्र, समुद्राकडची ‘केलोद’. पाय काजाकडे करायचे नाहीत. सिदेमेनला आगुंग येतो उत्तरेला, म्हणजे डोकं उत्तरेकडे. आता उत्तरेला डोकं करून झोपू नये हे आपल्याला आजीनं शिकवलेलं! पहिल्या रात्री मी उशी दक्षिणेला टाकली. सकाळी आंघोळ करून आले तर कोणीतरी ती गुपचूप उत्तरेला फिरवलेली. संध्याकाळी मी पुन्हा दक्षिणेला, सकाळी ती पुन्हा उत्तरेला. तिसऱ्या रात्री पूर्वेला डोकं केलं. पूर्व त्यांच्याकडेही चांगली आणि आपल्याकडेही. उशी मग तिथंच राहिली. तुमच्या आईला थेट पूर्वेलाच झोपवा.

आम्ही चौघं पक्के शाकाहारी. सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. बाली हिंदू आहे म्हणजे अडचण येऊ नये ना?
— पुणे

येईल. बालीचे हिंदू मांसाहारी आहेत आणि सणाला डुकराचं मांस हे त्यांचं मानाचं जेवण. लावार नावाचा पदार्थ कोशिंबिरीसारखा दिसतो: बारीक चिरलेल्या शेंगा, ओलं खोबरं, मसाला. त्यात मांस असतं, कधी रक्तही घालतात. दिसण्यावर जाऊ नका. खरी मेख मात्र तेरासीची. तेरासी म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा. तो तिखटाच्या चटणीत, म्हणजे सांबालात, असतोच. आणि ‘मांस नको’ म्हटलं तरी येतो, कारण त्याला कोणी मांस धरत नाही. तेव्हा एका दमात म्हणायला शिका: तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेलुर, तान्पा तेरासी. मांस, मासे, अंडं, तेरासी, चारही वगळून. मग मिळतं ते उत्तम असतं: भात, तळलेलं टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, उकडलेल्या भाज्यांना खोबरं लावून केलेलं उराब.

सासूबाईंसाठी मेतकूट, तुपाची बरणी आणि लोणचं न्या. बालीच्या वाटणाचा पायाच कांदा-लसणीवर. ते काढून रांध म्हणणं म्हणजे आपल्याला गोडा मसाला न घालता आमटी कर म्हणण्यासारखं. आणखी एक. घरात पंगत नसते. सकाळी एकदाच रांधून झाकून ठेवतात, ज्याला भूक लागेल तो वाढून घेतो आणि गप्पा न मारता जेवतो. पाहुण्यांना वाढतात, पण शेजारी बसून कोणी आग्रह करणार नाही. रुसू नका. क्लेपोन मिळाले तर सासूबाईंनाही चालतील: तांदळाच्या उकडीचे गोळे, आत गूळ, वरून ओलं खोबरं. उकडीचा मोदक उलटा करून घातल्यासारखे.

लुवाक कॉफीच्या पाट्या जागोजागी दिसतील. लुवाक म्हणजे आपलं उदमांजर. बऱ्याच ठिकाणी ते पिंजऱ्यात घालून कॉफीची फळं चारतात. तिथं थांबू नका. इबूच्या घरची साधी काळी कॉफी प्या, तळाचा गाळ सोडून.

देवळाच्या दारावर पाटी: पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी आत येऊ नये. मी २७ वर्षांची आहे. हे वाचून मी परत फिरले आणि चिडले. ‘आदरानं प्रवास करा’ म्हणताना तुम्ही आम्हाला हेही गिळायला सांगता का?
— पुणे

गिळू नका. मला स्वतःला हा नियम पटत नाही, इथंही नाही आणि तिथंही नाही. पण तुम्ही परत फिरलात तेच योग्य केलंत, असं मला वाटतं. खोटं बोलून आत जाणं हा एक मार्ग होता, तो तुम्ही घेतला नाहीत.

पाटीवर जे एका ओळीत लिहिलेलं असतं ते तिथं पुष्कळ मोठं आहे. शब्द आहे चुंताका. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ‘सुतक’च ऐकू आलं, आणि अर्थही जवळचाच: काही काळ देवळापासून दूर राहायची अवस्था. त्यात पाळी येते, बाळंतपण येतं, घरातला मृत्यू येतो. मृत्यूचं पुरुषांनाही लागतं.

मला ते लागलं. पहिल्या खेपेला निघायच्या आठ दिवस आधी माझे चुलतसासरे वारले होते. तिकिटं काढलेली, म्हणून निघाले. वाडीच्या देवळाचा ओदालान, म्हणजे वर्धापनाचा उत्सव, नेमका त्याच आठवड्यात. इबूनं माझ्यासाठी कामेन (लुंगीसारखं वस्त्र), लेसचा ब्लाउज, कमरेचा पट्टा, सगळं काढून ठेवलेलं. पट्टा बांधता बांधता सहज विचारलं, घरी सगळे बरे ना? मी सांगून टाकलं. तिचे हात थांबले. ती पेमांगकूंना, म्हणजे पुजाऱ्यांना, विचारून आली आणि म्हणाली, या वेळी बाहेर बसा. पट्टा मात्र सोडला नाही, पुरता बांधून दिला.

तेव्हा मी त्या पोशाखात, सरबतवालीच्या बाकड्यावर, दोन तास बसले. सुरुवातीची पंधरा मिनिटं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग बायका यायला लागल्या. डोक्यावर हात-दीड हात उंच फळांचे आणि पक्वान्नांचे मनोरे. काही चालत, काही नवऱ्याच्या स्कूटरवर मागं बसून, एका हातानं मनोरा सावरत. एक जण उतरली, तिनं नवऱ्याचं हेल्मेट काखेत धरलं, मनोरा जराही न कलंडता वाकून चप्पल नीट लावली आणि पायऱ्या चढून गेली. माझ्या शेजारी बाकड्यावर आणखी दोघी होत्या, त्याच वाडीतल्या. एकीनं पोटावर हात ठेवून मला खूण केली. दुसरीचं बाळ महिन्याचंही नव्हतं. तिघींनी मिळून तांबडं सरबत प्यायलं. आतून पूजा आटपून येणाऱ्यांच्या कपाळावर ओले तांदूळ चिकटवलेले होते. त्याला ‘बिजा’ म्हणतात, आणि शिंपडायच्या पाण्याला ‘तिर्ता’.

त्या दोघींना नियम जाचत होता का, ते मी विचारलं नाही. तेवढी भाषा येत नव्हती आणि ओळखही नव्हती. शनिशिंगणापूरचा चौथरा २०१६ साली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर बायकांना खुला झाला, तो इथल्या बायका भांडल्या म्हणून. तिथलं भांडण तिथल्या बायकांचं. तुम्ही चिडा, लिहा, बाहेर बसा. बाहेरचं बाकडं वाईट नसतं.

आम्ही तीन दिवसांचे पैसे आगाऊ भरले होते. दुसऱ्या दिवशी भातखाचरांतली फेरी आणि माग बघायचं ठरलेलं. सकाळी यजमान म्हणाला, शेजारी मयत झालंय, आज कोणी येऊ शकणार नाही. दिवसभर खोलीत बसून काढला. पैसे परत मागायला हवे होते का?
— ठाणे

फेरीचे मागा. खोलीचे नको. त्यानं स्वतःहून द्यायला हवे होते, हेही खरं. पण त्यानं तुम्हाला टांग मारली असं जे पत्राच्या पुढच्या भागात लिहिलंय, ते काढून टाका.

बालीच्या गावात प्रत्येक लग्न झालेला माणूस आपल्या वस्तीच्या बंजारचा, म्हणजे वस्ती-मंडळाचा, सभासद असतो. ऐच्छिक नव्हे. बंजारच्या आवारात उंचावर एक पोकळ लाकडी ठोकळा टांगलेला असतो, त्याला कुलकुल म्हणतात. सभेचा ठोका वेगळा, आगीचा वेगळा, मृत्यूचा वेगळा. मयताचा ठोका पडला की हातातलं काम टाकून जायचं. बांबू तोडणं, मांडव घालणं, बायकांनी नैवेद्य आणि जेवण करणं, सगळं वस्ती करते. न जाणाऱ्याला दंड. वारंवार टाळणाऱ्याला वाळीत टाकतात, आणि मग त्याच्या घरच्या मयताला कोणी येत नाही. तुमचा यजमान तुम्हाला घेऊन खाचरं हिंडत बसला असता, तर तुम्ही रविवारी ठाण्याला परतला असता आणि त्याला तिथंच राहायचं होतं.

आमच्या वाडीतही मयताला घरटी एक माणूस जातोच. एकदा ऐन दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे मुंबईचे पाहुणे होते आणि वरच्या आळीतले आजोबा गेले. नवरा तिकडे, मी तिकडे, पाहुण्यांच्या नाश्त्याला फक्त पोहे झाले. एकानं विचारलं, दुपारी तरी सोलकढी होईल ना? त्यांच्यातल्याच एका बाईनं मात्र पदर खोचून आमची भांडी घासली. मला तिचं नाव अजून पाठ आहे, त्याचं नाही.

तुम्ही खोलीत बसलात, तीच एक चूक. यजमानाला विचारायचं, मी काय करू? कदाचित तो म्हणाला असता, काही नको. कदाचित चहाचे पेले भरायला बसवलं असतं. भातखाचरांचं म्हणाल तर सुबाक, म्हणजे त्यांच्या पाणीवाटपाच्या मंडळ्या आणि त्यांची खाचरं, २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेली. ती तिसऱ्या दिवशीही होती तिथंच. (जाल तेव्हा बांधावरून एकामागं एक चाला. ओल्या बांधाची कड पाच जणांच्या बुटांनी ढासळते आणि लिंपायला शेतकऱ्यालाच यावं लागतं.)

बालीत शक संवत् चालतो आणि त्यांचा नववर्षदिन पाडव्याच्याच सुमाराला येतो, हे खरं का? त्या दिवशी जावं का?
— इंदूर

खरं आहे. वर्षगणना तीच आपली शालिवाहन शकाची. २०२६ मध्ये दोन्ही सण १९ मार्चलाच, शके १९४८. दर वर्षी असं जुळत नाही. अधिक महिन्याच्या हिशेबामुळं २०२४ मध्ये त्यांचा ११ मार्चला होता आणि पाडवा ९ एप्रिलला.

२०२३ मध्ये मात्र दोन्ही २२ मार्चला आले, आणि ती माझी दुसरी खेप. त्यांच्या सणाचं नाव न्येपी, म्हणजे नीरवतेचा दिवस. अमाती गेनी, अमाती कार्य: अग्नी नाही, काम नाही. प्रवास नाही, करमणूक नाही. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत विमानतळ बंद, रस्ते ओस, मोबाईलचं इंटरनेट २०१८ पासून बंद ठेवतात. गावचे पहारेकरी, पचालांग, काळा पोशाख घालून फिरतात. पाहुण्यालाही घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. आदल्या संध्याकाळी मात्र जो धुमाकूळ असतो तो बघायचाच. पोरांनी आठवडेच्या आठवडे खपून केलेले राक्षसी पुतळे, ओगोह-ओगोह, खांद्यावरून नाचवत नेतात. आपल्या गणपती मंडळांचे कार्यकर्ते तिथं उभे केले तर कोणाला फरक कळायचा नाही. तीच रात्रीची जागरणं, तीच वर्गणीवरून वादावादी.

माझा पाडवा असा गेला: गुढी नाही, कारण काम नाही. चूल नाही, आदल्या दिवशीचा गार भात. मी पुण्याहून पुडीत बांधून नेलेली कडुलिंबाची सुकी पानं तेवढी तोंडात टाकली. रात्री दिवाच नाही, तर आगुंगच्या माथ्यावर इतक्या चांदण्या की इबूची नात मोजायला बसली आणि चाळिसावर झोपली. ज्यांना ‘काहीतरी करायला’ लागतं त्यांनी या दिवशी जाऊ नये. गुढीसारखं काही बघायचं असेल तर गालुंगानला जा. दर २१० दिवसांनी येतो. घरोघरी दारात पेंजोर, उंच, शेंडा रस्त्यावर झुकलेला, सजवलेला बांबू.

मी हौशी छायाचित्रकार आहे. त्रुन्यान गावातल्या कवट्या आणि न्गाबेन, म्हणजे दहनविधी, टिपायचे आहेत. परवानगी कोणाची घेऊ?
— कोल्हापूर

न्गाबेन रस्त्यावरून जातं, लपूनछपून नसतं. गडद, साधे कपडे घाला, कमरेला पट्टा बांधा, कडेला उभे राहा, मिरवणुकीच्या पुढं धावू नका, ड्रोन घरी ठेवा. घरच्या कोणाशी डोळ्याला डोळा भिडला तर कॅमेरा खाली घ्या. एवढं पुरे.

त्रुन्यानला जाऊ नका असं माझं मत. बातूर सरोवराच्या काठी तिथं मृतदेह जाळत नाहीत, तारू मेन्यान या झाडाखाली बांबूच्या पिंजऱ्यात उघड्यावर ठेवतात. ते कोणाचे तरी आजोबा आहेत. होडी करून, दर ठरवून, कवट्यांच्या रांगेशी उभं राहून फोटो काढणं मला जमायचं नाही. तुम्हाला जमेल, तर निदान मला पाठवू नका.

आमच्या घरी एका गणपतीत आरती संपली आणि पाहुण्यातला एक मुलगा म्हणाला, काकू, व्हिडिओ नीट आला नाही, पुन्हा एकदा घेता का? माझ्या दिरानं कापूर पुन्हा लावलाही. मला तो क्षण अजून सलतो. राग मुलाचा नाही, आमचाच. बालीच्या जाणत्या लोकांनी हे दुखणं फार आधी ओळखलं. १९७१ साली देनपासारला चर्चासत्र घेऊन त्यांनी नृत्यांची तीन पदरांत वाटणी केली: देवळाच्या गाभ्यातली ‘वाली’, विधीसोबतची ‘बेबाली’ आणि निव्वळ बघण्यासाठीची ‘बालिह-बालिहान’. पाहुण्यांसाठी तिसरी. त्याची तिकिटं काढा, पुढं बसा, हवे तेवढे फोटो काढा. ती तुमच्यासाठीच आहेत आणि नाचणाऱ्यांचा दर्जाही चांगला असतो.

गावातल्या मुलांना वाटायला वह्या, पेन्सिली, चॉकलेटं नेऊ का? घरच्यांना काय न्यावं?
— डोंबिवली

रस्त्यात वाटू नका. पुढचा पर्यटक दिसला की पोरं हात पसरतात आणि त्यांच्या आईबापांना खाली बघावं लागतं. द्यायचंच असेल तर देवळाच्या उत्सवाला द्या. पेटीत किंवा वहीत नाव लिहून. त्याला ते ‘दाना पुनिया’ म्हणतात, तुम्हाला समजावून सांगायला नको.

घरी खाऊ न्या. मी बाकरवडी नेली होती. इबूनं एक चावली, विचार केला, ‘पेदास’, तिखट, एवढंच म्हणाली आणि डबा झाकून ठेवला. आवडली नाही बहुतेक, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी पहाटे दाराबाहेर आले तर उंबऱ्यापाशी नेहमीचा चनांग: फुलं, उदबत्ती, आणि फुलांच्या मधोमध अर्धी बाकरवडी. आठ वाजेपर्यंत ती कोंबडीनं नेली.